काजवे पाहायला गेलो आणि दिव्यांशी भांडून आलो

राधानगरी हे नाव कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडी वर्षातून दोन महिने सतत असते. जुलै उजाडला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फुटांवर गेली आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, या दोन प्रश्नांवर आमचे सगळे शहर जगते. मात्र ज्या पाण्याची आपण इतकी धास्ती घेतो, त्या पाण्याच्या काठावर उन्हाळ्यात तंबूत राहायला जावे, असे आमच्या घरात कुणाच्या मनात आले नव्हते. ते आले आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवाच्या मनात, एका चित्राच्या पुस्तकातला तंबू पाहून. सासूबाईंनी त्याची मागणी शांतपणे ऐकून घेतली आणि "घरात पलंग असताना जमिनीवर झोपायला पैसे कोण देतं?" असा प्रश्न मला विचारला. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नवऱ्याने मात्र तोपर्यंत मोबाईलवरून आगाऊ रक्कम भरून टाकली होती.

माझे स्वतःचे कारण वेगळे होते. मे महिन्याचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा हा सह्याद्रीत काजव्यांचा हंगाम असतो. वळवाचे एकदोन पाऊस पडून गेलेले असतात, हवा दमट झालेली असते आणि खरा मोसमी पाऊस अजून कोसळायचा असतो, त्या मधल्या फटीत ते झाडाझाडांवर उतरतात. लहानपणी आजोळी मी ते अंगणात पाहिले होते. राजारामपुरीत वाढणाऱ्या माझ्या मुलांनी काजवा सोडाच, पण नीट अंधारसुद्धा पाहिलेला नाही. आमच्या गल्लीत रस्त्यावरचा दिवा खिडकीसमोरच आहे आणि वीज गेली तर इन्व्हर्टर चालू होतो. दीड वर्षाच्या धाकटीला तर रात्र म्हणजे पडद्यामागची जरा कमी उजेडाची वेळ, एवढेच ठाऊक असावे.

पुईखडीचा चढ, हळदी, परिते आणि दोन्ही बाजूंचा ऊस, असा नेहमीचा रस्ता. त्याबद्दल लिहिण्यासारखे एवढेच की धाकटीला हळदीच्या अलीकडे उलटी झाली आणि त्यानंतरचा सगळा प्रवास गाडीच्या काचा उघड्या ठेवून झाला.

कॅम्पच्या जाहिरातीत तंबूच्या दारातून थेट निळे पाणी दिसत होते. ते छायाचित्र खोटे नव्हते, फक्त ते पावसाळ्यानंतरचे होते. मेअखेरीला धरणाचे पाणी इतके मागे सरकते की तंबू आणि पाणी यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचे मोठे मैदान उघडे पडते, आणि त्यावर गावातल्या म्हशी निवांत चरत असतात. थोरल्याला पाण्यापेक्षा म्हशी आवडल्या, त्यामुळे या बाबतीत आमची काही तक्रार नाही. तंबू आधीच उभारून ठेवलेले होते, एका रांगेत, अगदी एकमेकांना खेटून. खुंटी ठोकणे, दोरी ताणणे, यातले काहीच आपल्याला करायचे नाही हे कळल्यावर चिरंजीवाचा चेहरा पडला, कारण पुस्तकातल्या मुलाने स्वतः हातोडी धरली होती. कॅम्पवाल्या दादांनी त्याचे मन राखण्यासाठी एक सैल खुंटी त्याला ठोकू दिली. माणूस मनाने चांगला होता, हे पुढची तक्रार करण्याआधी नोंदवून ठेवते.

तक्रार दिव्यांची आहे. रांगेतल्या प्रत्येक तंबूवरून रंगीत दिव्यांच्या माळा सोडलेल्या होत्या, आंब्याच्या बुंध्याला माळा गुंडाळलेल्या होत्या, जेवणाच्या मांडवात पांढरे झगझगीत दिवे होते आणि पाण्याकडच्या बाजूला एक मोठा फोकस लावून त्याच्यासमोर फोटो काढण्यासाठी बांबूची चौकट उभी केली होती. या सगळ्याच्या जोडीला प्रवेशद्वारावर फलक होता, "काजवा महोत्सव विशेष". सूर्य मावळला, जनरेटर सुरू झाला आणि रानाच्या कडेचा तो माळ लग्नाच्या हॉलसारखा उजळून निघाला. आजूबाजूच्या तंबूंतली मंडळी चौकटीसमोर रांग लावून फोटो काढू लागली. काजवा एकही नव्हता, आणि तो नसणारच होता.

यामागचे कारण अवघड नाही. काजवा ही माशी नसून भुंग्याच्या जातकुळीतला कीटक आहे. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात, गोगलगायी आणि गांडुळे खाण्यात जाते. पंख फुटल्यावर जे थोडे दिवस मिळतात ते जोडीदार शोधण्यासाठी असतात आणि लुकलुकणे हा त्या शोधाचाच भाग असतो. नर उडता उडता आपल्या जातीच्या ठरलेल्या तालात प्रकाश देतो आणि झुडपावर बसलेली मादी तो ताल ओळखून उत्तर देते. पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश तयार होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. इतक्या मंद खुणांवर ज्यांचा संसार ठरतो, त्यांच्यासमोर फोकस लावला तर नराची खूण मादीला दिसत नाही आणि मादीचे उत्तर नराला. म्हणजे ज्यांच्या नावाने तिकीट लावले, त्यांनाच आपण आंधळे करून ठेवतो.

हे सगळे मी कॅम्पवाल्या दादांना बऱ्यापैकी सौम्य शब्दांत सांगितले. निदान मांडवाखेरीज बाकीचे दिवे तरी तासभर बंद करा, अशी विनंती केली. त्यांनी कपाळाला हात लावला.

"वैनी, तुमचं बरोबर हाय. पण लाइट घालवली की माणसं घाबरत्यात. गेल्या वर्षी एकांनी रात्री साडेदहाला पैसे परत मागितले, म्हणाले अंधारात पोरं रडायला लागली."

"मग काजवे बघायला येतात कशाला?"

"काजवं बघायला कोण येतंय? फोटूला येत्यात."

या उत्तरातला खरेपणा मला नाकारता येईना. दाजीपूरचे जंगल इथून फार लांब नाही. गव्यांसाठी ते ओळखले जाते आणि पूर्ण वाढलेला नर गवा जवळपास हजार किलोचा असू शकतो, हे ऐकून आलेल्या माणसाला उजेडाचा आधार वाटणार, हे समजण्यासारखे आहे. शेजारच्या तंबूतल्या एका गृहस्थांनी तर माझे बोलणे ऐकून "मॅडम, सेफ्टीचा प्रश्न आहे" असे सुनावले आणि मग त्यांच्या मित्रांनी सुरक्षिततेसाठीच असावा बहुधा, ब्लूटूथ स्पीकर चालू केला. नवऱ्याने मला हळूच बाजूला घेतले. त्याच्या मते सुटीत भांडू नये. माझ्या मते सुटीतच भांडायला वेळ मिळतो.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. कोल्हापूरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर पांढरा रस्सा कॉर्नफ्लोअर लावून दाट करण्याचे धाडस कुणी करू शकते, याची मला कल्पना नव्हती. भाकरी मात्र उत्तम होती, चुलीवरची, पापुद्रा सुटलेली. त्या भाकरी थापणाऱ्या मावशी शेजारच्याच वस्तीवरच्या होत्या. परातीशेजारी बसून धाकटी पिठाचे गोळे करत होती आणि मी माझे दिव्यांचे रडगाणे त्यांच्यापुढे गात होते. मावशींनी सगळे ऐकून घेतले, शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली, हात झटकले आणि म्हणाल्या, "आमच्या ओढ्याकडं चला. तिथं वायर पोचली न्हाई अजून."

आम्ही चौघे आणि मावशी, असे निघालो. त्यांनी एकच अट घातली की बॅटरी फक्त पायाजवळ धरायची आणि ओढा आला की विझवायची. पायवाट जेमतेम दहा मिनिटांची होती, पण पहिल्या वळणानंतर जनरेटरचा आवाज मागे पडला आणि थोरल्याने माझा हात इतका घट्ट धरला की त्याची नखे रुतली. अंधारात चालण्याची त्याची ती पहिलीच वेळ. "आई, तू आहेस ना?" असे तो दर काही पावलांनी विचारत होता, माझा हात हातात असूनही. धाकटी नवऱ्याच्या खांद्यावर पूर्णपणे गप्प होती, आणि ती जागेपणी गप्प असणे ही आमच्या घरात बातमी असते. ओढ्याशी मावशींनी बॅटरी विझवली. काही क्षण काहीच दिसले नाही. मग समोरच्या जांभळाच्या झाडावर एक ठिणगी हलली, मग चार, आणि डोळे सरावले तसे लक्षात आले की झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भरलेले आहे. एका फांदीवरचे सगळे एकदम उजळत, विझत, आणि तीच लाट शेजारच्या झाडावर सरकत जाई. मी पुस्तकात हे वाचलेले होते. आजोळच्या अंगणातले पाचदहा काजवे आणि हा प्रकार यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

मुलाच्या तोंडून काहीतरी सुंदर उद्गार निघेल, या आशेवर मी होते. तो बराच वेळ पाहत राहिला आणि त्याने विचारले, "यांना चार्जिंगला कुठे लावतात?" मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानंतर त्याचे प्रश्न थांबेनात: दिवसा ते कुठे जातात, पाऊस आला तर विझतात का, आपल्या गॅलरीत आणले तर चालेल का. भीती कधी गेली, हे त्यालाही कळले नाही आणि मलाही. हात मात्र त्याने सोडला नाही. मावशींनी सांगितले की त्यांच्या लहानपणी वस्तीच्या अंगणातल्या उंबरावरही असेच काजवे उतरत, आता ते ओढ्यापर्यंत मागे हटले आहेत. पुढच्या वर्षी ओढ्याच्या पलीकडे आणखी एक कॅम्प होणार असल्याचे त्यांनी त्याच सुरात सांगितले. त्यात त्यांच्या सुनेला काम मिळणार होते, त्यामुळे त्यांना त्याचे वाईट वाटत नव्हते, आणि शहरातून आलेल्या मी त्यांना वाईट वाटून घ्यायला सांगणे शोभले नसते.

रात्रीचा उरलेला भाग अपेक्षेप्रमाणेच गेला. तंबूची जागा किंचित उताराची होती, त्यामुळे आम्ही चौघेही झोपेत एका कोपऱ्यात जमा होत होतो आणि तळाशी नवरा होता. स्पीकर बारापर्यंत चालला. पहाटेपूर्वी वळवाची सर आली. कापडावर पडणारा पाऊस बाहेरच्यापेक्षा आत दुप्पट मोठा ऐकू येतो, आणि धाकटीने त्यावर स्वतःच्या रडण्याने मात केली. तिला मांडीवर घेऊन बसले असताना आतल्या जाळीवर एक काजवा दिसला. आमच्याबरोबर कपड्यांवरूनच आला असावा. मोबाईल न लावता मी त्याच्या जवळ गेले. लांबी बोटाच्या पेराच्या निम्मीसुद्धा नव्हती. डोळे अंगाच्या मानाने मोठे, आणि पोटाची शेवटची दोन वलये विझलेली असतानाही फिकट दुधाळ दिसत होती. ती उजळली की जाळीचे तीन-चार चौकोन हिरवट दिसत आणि धाकटी हुंदका अर्धाच टाकून त्याच्याकडे बघत राही. सर थांबल्यावर चेन उघडून मी त्याला बाहेर सोडला. चेनच्या आवाजाने थोरला जागा झाला आणि त्याला लघवीला जायचे असल्याचे त्याने जाहीर केले. स्वच्छतागृह त्या झगझगाटाच्या पलीकडे होते आणि त्या एका फेरीपुरते मला दिव्यांचे उपकार मानावे लागले.

दुसऱ्या दिवशी धरण पाहिले. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचे काम हाती घेतले, गावाला आपल्या मुलीचे, राधाबाई अक्कासाहेबांचे, आणि तलावाला आपल्या पत्नीचे, लक्ष्मीबाई महाराणींचे, नाव दिले, आणि पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही काम करतात, हे सगळे नवऱ्याने मुलाला सांगितले. मुलाने दरवाजे आत्ता उघडून दाखवा असा हट्ट धरला. दाजीपूरला जायचे होते ते राहून गेले.

निघताना बिलात गरम पाण्याच्या बादल्यांचे पैसे वेगळे लावलेले दिसले आणि त्यावरून पुन्हा थोडे बोलणे झाले. कॅम्पवाल्या दादांनी ते पैसे कमी केले आणि चांगले रेटिंग द्या असे सांगितले. घरी येऊन मी रेटिंग दिले, भाकरीचे भरभरून कौतुक केले आणि काजव्यांच्या हंगामात रात्री नऊनंतर माळा आणि फोकस बंद ठेवावेत, पायवाटेपुरते खाली झाकलेले मंद दिवे पुरेसे होतात, असे सविस्तर लिहिले. चार दिवसांनी त्यांचा संदेश आला. सूचना आवडल्याचे त्यांनी कळवले होते आणि पुढच्या हंगामापासून कॅम्पच्या मागच्या बाजूला "काजवा स्पेशल, लाइट ऑफ" अशी वेगळी रांग सुरू करत असल्याचे लिहिले होते, दर माणशी तीनशे रुपये जास्त. अंधाराला लहान मुलांचे अर्धे तिकीट लागते का, असे मी उलट विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.