भुसा डब्यात, भुकटी बाहेर : घरच्या सुतारखोलीसाठी सायक्लोन बनवताना

सुतारकामाच्या यंत्राला जोडलेला साधा व्हॅक्यूम क्लीनर सुरुवातीला जेवढा ओढतो तेवढा पुढे ओढत नाही, आणि याचे कारण डबा भरणे हे नसून फिल्टर बुजणे हे असते. नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला आमचे घर आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत मी टेबल सॉ, राऊटर व सँडर मांडले, तेव्हा हाच प्रकार सुरू झाला. डब्यात ओंजळभर भुसा असे, परंतु सँडरच्या मैद्यासारख्या भुकटीचा थर फिल्टरवर बसून हवा जवळजवळ थांबलेली असे. फिल्टरच्या आधीच जड कण खाली पाडणारा एखादा टप्पा मध्ये टाकला तर फिल्टर बराच काळ मोकळा राहील, या विचाराने मी हवा गोल फिरवून तिच्यातला भुसा वेगळा करणारा सेपरेटर, म्हणजेच सायक्लोन, बनवायला घेतला.

पहिला सेपरेटर रंगाच्या २० लिटरच्या बादलीचा होता. झाकणातून एक नळी मधोमध सरळ आत घेतली आणि दुसरी बादलीच्या भिंतीला घासून हवा सोडेल अशी आडवी वळवली. आत आलेली हवा गोल फिरते, जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली बसतात आणि मोकळी झालेली हवा मधल्या नळीतून वर जाते. अडचण अशी की हीच फिरती हवा तळाशी पोहोचून बसलेला भुसा पुन्हा उचलते. थिएन बॅफल या नावाने ओळखली जाणारी आडवी तबकडी त्यावर चांगला उपाय ठरते. प्लायची ही तबकडी नळ्यांच्या खाली बसवायची आणि तिच्या कडेला परिघाच्या सुमारे दोन तृतीयांश भागात, म्हणजे २४० अंशांत, साधारण २८ मिमी रुंदीची फट ठेवायची. भुसा फटीतून खाली उतरतो आणि वरची घुसळण तळापर्यंत जात नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते: भुसा तबकडीपर्यंत चढू देऊ नये, कारण तसे झाले की आलेला सगळा माल थेट फिल्टरकडे जातो.

या बादलीने मला दोन गोष्टी शिकवल्या. तोंडाशी एखादी ढलपी अडकली की आतील दाब एकदम उतरतो आणि प्लास्टिकची भिंत आत खचते; आतून प्लायचे कडे बसवल्यावर ते थांबले. दुसरी गोष्ट खास आमच्या हवेची आहे. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरची हवा इतकी कोरडी असते की प्लास्टिकच्या नळीतून भुसा धावला की स्थिर वीज साठते आणि हात लावताच चटका बसतो. नळीतून उघडी तांब्याची तार ओढून ती यंत्राच्या अर्थिंगला जोडल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

खरा बदल थिकनेसर, म्हणजे फळ्या तासून एकसारख्या जाडीच्या करणारे यंत्र, घेतल्यावर करावा लागला. लकडगंजहून आणलेल्या सागवानाच्या फळ्या त्यातून काढल्या की कुरळ्या किसाचा एवढा ढीग पडतो की व्हॅक्यूम क्लीनरची ३५ मिमीची नळी तिथे कामाची नाही. व्हॅक्यूम क्लीनरचा जोर मोठा पण हवा थोडी असते. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरचा जोर कमी पण हवा भरपूर असते. लाकडाचा भुसा नळीत खाली न बसता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास हवा, आणि १०० मिमीच्या नळीत तो मिळवायचा तर तासाला साडेपाचशे घनमीटरहून अधिक हवा वाहावी लागते. म्हणून मी १ अश्वशक्तीचा ब्लोअर घेतला आणि त्याच्या आधी बसणारा शंकूचा सायक्लोन पत्र्यात बनवण्याचे ठरवले.

मापांसाठी मी लॅपल यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी प्रमाणे घेतली. नळकांड्याचा व्यास २५० मिमी धरला, तर आत येणाऱ्या आयताकृती तोंडाची उंची त्याच्या निम्मी आणि रुंदी चौथाई, वर जाणाऱ्या नळीचा व्यास निम्मा, सरळ भाग आणि शंकू प्रत्येकी दुप्पट, म्हणजे ५०० मिमी, आणि खालचे तोंड चौथाई. आत येणाऱ्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० मिमी नळीच्या क्षेत्रफळाला जवळजवळ जुळते, हा या व्यासाचा मोठा फायदा. वर जाणारी नळी आतल्या बाजूला प्रवेशाच्या खालच्या कडेहून खोल उतरली पाहिजे. ती आखूड राहिली तर आत शिरलेली हवा फिरण्याआधीच वाट काढून निघून जाते.

शंकू वाकवण्याचे काम मी कूलरचे सांगाडे बनवणाऱ्या कारागिराकडे दिले. आमच्याकडे पत्र्यावर या लोकांचा हात जितका बसलेला असतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल. मात्र फेब्रुवारीनंतर त्यांना मान वर करायला सवड नसते, त्यामुळे असे काम पावसाळ्यातच न्यावे. आतली भिंत गुळगुळीत हवी असे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘शिवण बाहेरून घेतो न भाऊ, आत काही अडकणार नाही.’ त्याने तसेच केले, आणि रिव्हेटची टोकेही आत येऊ दिली नाहीत.

पुस्तकी प्रमाणे कारखान्यातील बारीक पुडीसाठी ठीक असली तरी थिकनेसरच्या किसासाठी खालचे ६२ मिमीचे तोंड अपुरे ठरते. लांब कुरळे एकमेकांत गुंतून तिथेच बूच बसते. शंकू खालून कापून तोंड १०० मिमीहून थोडे मोठे केल्यावर कीस सरळ खालच्या ड्रममध्ये उतरू लागला. सायक्लोन मध्ये आल्यामुळे ओढ घटते, ती मी नळ्यांच्या मांडणीतून भरून काढली: कोरुगेटेड नळी यंत्राजवळ हातभरच ठेवली, बाकी रस्ता ११० मिमीच्या पीव्हीसी पाईपचा केला आणि ९० अंशांच्या एका बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन वापरले.

तरीही सर्वाधिक फरक पडला तो ड्रमच्या झाकणाने. ब्लोअर सायक्लोनच्या नंतर असल्याने ड्रममधील दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे झाकणाला केसाएवढी फट असली तरी बाहेरची हवा आत घुसते आणि खाली पडणाऱ्या बारीक भुशाला पुन्हा वर नेते. शंकू कितीही नेटका असला तरी ही एक गळती त्याचे काम नासवते. फटी शोधण्यासाठी ड्रम पूर्ण रिकामा व पुसून स्वच्छ करून, यंत्रे बंद व ब्लोअर चालू ठेवून, सांध्यांभोवती उदबत्ती फिरवावी. जिथे धूर आत वळतो तिथे फट आहे. (भुसा आत असताना हे चुकूनही करू नये, ठिणगीने तो पेटू शकतो. त्याच कारणाने लोखंड घासण्याचे ग्राइंडर या नळीला कधीही जोडू नये.) सांध्यांना सिलिकॉन आणि झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावल्यानंतर ब्लोअरच्या पिशवीत जाणारा माल डोळ्यांना दिसेल इतका घटला.

इथे बरेच जण थांबतात आणि आपला सायक्लोन ९९ टक्के धूळ पकडतो असे सांगतात. वजन करून पाहिले तर ते खोटे नसते: मोजून ५०० ग्रॅम भुसा ओढवला आणि ड्रममधला पुन्हा काट्यावर ठेवला, तर फार थोडा कमी भरतो. परंतु वजन असते ते जाड भुशात. दहा मायक्रॉनांहून लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर खोलवर जातात. घरगुती सायक्लोनची पकड नेमकी या अगदी बारीक कणांवर सैल पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले, ते प्रामुख्याने नाकाच्या व सायनसच्या कर्करोगामुळे. एमडीएफ (लाकडाचे तंतू चिकटवून, दाबून केलेला बोर्ड) कापताना तर युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकट्याची भुकटीही उडते. तेव्हा सायक्लोन फिल्टरचे आयुष्य वाढवतो, फुप्फुसांचे रक्षण त्याच्याकडून होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून मी ब्लोअरची कापडी पिशवी काढली आणि त्याची हवा नळीने मागच्या भिंतीबाहेर, परसातल्या मोकळ्या जागेत नेली. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत आली पाहिजे, आणि मे महिन्यात ४५ अंशांची हवा खोलीत ओढून घेणे शक्य नव्हते. परंतु डेझर्ट कूलरला मुळातच हवा बाहेर जाण्याची वाट लागते. कूलर खिडकीतून ओली हवा आत ढकलतो, ब्लोअर दुसऱ्या टोकाने धुळीसह बाहेर काढतो, आणि दोघांचे काम सोपे होते. कूलरचा झोत थेट सँडरवर येणार नाही अशी त्याची दिशा मात्र ठेवावी लागते. पावसाळ्यात मागे पाणी साचते आणि झोत भिजतो, तेव्हा बाहेरची नळी बंद करून मी पिशवीऐवजी घड्या घातलेला बारीक फिल्टर लावतो. दमट हवेत भुकटी त्यावर चिकटते, म्हणून तो अधिक वेळा झटकावा लागतो, आणि झटकताना एन-९५ मुखपट्टी लावावीच लागते.

ड्रम किती भरला हे कळावे म्हणून अलीकडे त्याच्या भिंतीत ॲक्रिलिकची उभी पट्टी बसवली आहे. तिच्या कडांनाही तीच ट्यूबची पट्टी लावली असून उदबत्तीची तपासणी त्या सांध्यांवरही करून घेतली आहे.