तुम्ही विचारलंत म्हणून: शॅडसीएन का नाही?

इंटरव्ह्यूला आलेली मुलं विचारतात, बाणेरला मीटअपमध्ये भेटलेले विचारतात, भाचा तर जेवता जेवता विचारतो: "मावशी, एवढ्या रेडीमेड कंपोनंट लायब्ऱ्या पडल्यात, आणि तुम्ही साधा सिलेक्ट वापरता? शॅडसीएन का नाही घेत?" (शॅडसीएन म्हणजे वेबपानांसाठी तयार बटणं, याद्या, फॉर्म असे तुकडे, म्हणजे कंपोनंट, देणारा एक संच; साधा सिलेक्ट म्हणजे ब्राउझरची स्वतःची निवडयादी.) आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदाच सविस्तर सांगते.

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे. तुमचं ॲप हातातल्या फोनवर दिवसातून दोन मिनिटं उघडतं; आमचं काउंटरवर सकाळी उघडतं ते संध्याकाळी रोखीचा मेळ लागला की बंद होतं. समोर बसलेली व्यक्ती स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही. तिची नजर कागदी अर्जावर, उजवा हात नंबरपॅडवर, आणि एंटर म्हणजे पुढचा रकाना. फॉक्सप्रोच्या, म्हणजे कीबोर्डवर चालणाऱ्या जुन्या डेटाबेस पॅकेजच्या, काळापासून बोटांना लागलेली सवय आहे ती.

कोविडनंतर आम्ही जुनं पॅकेज बाजूला ठेवून सगळं वेबवर आणलं. तेव्हा मीच हट्टाने एक नावाजलेली लायब्ररी घेतली. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्याचा दोष तिच्यावर टाकायचा नाहीये. पहिली शाखा शनिवार पेठेतली. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनवाल्यांची रांग, आणि मी काउंटरमागे लॅपटॉपची बॅग धरून उभी.

पहिलंच काम नवीन खातं उघडण्याचं. काउंटरवरच्या बाईंनी नाव टाकलं, एंटर दाबलं, आणि फॉर्म सबमिट झाला. बाकीचे सगळे रकाने लालभडक. "हे काय ओरडतंय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, एंटर नाही, टॅब दाबा. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा एंटर दाबलं. बोटं कुठे माझं ऐकतात!

मग जन्मतारीख. आजोबा १९५१ चे. रकान्यात गेल्याबरोबर छानसं कॅलेंडर उघडलं, चालू महिन्याचं. वर शीर्षकावर क्लिक केलं की वर्षांची यादी येते, पण ते मला ठाऊक, बाईंना कसं असणार? त्यांनी डावीकडचा बाण दाबायला सुरुवात केली. एका क्लिकला एक महिना. मी पुढे होऊन सांगणार, तेवढ्यात आजोबा काचेवर वाकले. "कुठवर आलात?" "दोन हजार नऊ." "म्हणजे मी नुकताच रिटायर झालोय. चालू द्या, नोकरी लागेपर्यंत थांबतो." रांग खदाखदा हसली. बाई हसल्या नाहीत. मीही नाही.

नाव तर त्याहून वाईट. रकान्याची उंची आणि ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली, त्याबाहेर जाईल ते कापायचं. देवनागरीचे उकार खाली लोंबतात. स्क्रीनवर 'कुलकर्णी'चं 'कलकर्णी' झालं. बाईंना वाटलं टायपिंग चुकलं, म्हणून त्यांनी खोडून परत लिहिलं. परत 'कलकर्णी'. बटणांवर लॅटिन अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं, त्यामुळे 'जतन करा'ची शिरोरेषा तुटून दुधाचे दात पडलेल्या पोरासारखी दिसत होती. दुपारी शाखाधिकारी एवढंच म्हणाले, "सध्या जुनंच चालू ठेवूया." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बदलता येतं. येतं ना! लेटर-स्पेसिंग शून्य करा, ओळीची उंची वाढवा, एंटर अडवा, कॅलेंडर वर्षापासून उघडा. आम्ही सगळं केलं. झालं असं की दुरुस्त्यांची फाइल फुगत गेली आणि लायब्ररीची पुढची मोठी आवृत्ती आली तेव्हा आमच्या दुरुस्त्या ज्यांच्या आधाराने चालायच्या ती आतली क्लासनावं बदललेली. आमच्या निम्म्या दुरुस्त्या कुणालाच लागू होईनात. असं सगळीकडेच होतं. मटेरियल यूआय ही अशीच एक लायब्ररी २०२१ मध्ये पाचव्या आवृत्तीत रूप ठरवण्याचं जेएसएस हे साधन सोडून इमोशनवर गेली. अँट डिझाइन या दुसऱ्या लायब्ररीने २०२२ मध्ये रूप ठरवण्याची लेस ही पद्धत सोडून सीएसएस-इन-जेएस घेतली आणि तारखा हाताळायला मोमेंटऐवजी डेजेएस. कारणं रास्तच होती, पण त्यांच्या वेळापत्रकात आमचं मार्चएंड नसतं. त्याच अँट डिझाइनच्या बटणांवर २५ डिसेंबर २०१८ ला न सांगता बर्फ पडला होता. कोडमध्ये लपवून ठेवलेली गंमत. ज्यांनी ज्यांनी ती आवृत्ती घेतली होती त्यांच्या गंभीर साइटवरसुद्धा तो दिसला. टीमने माफी मागितली, दुरुस्तीही लगेच दिली. पण माझ्या थकबाकीच्या पानावर बर्फ पडला असता तर मी संचालक मंडळाला काय सांगणार होते?

म्हणून जन्मतारखेला आता तीन साधे रकाने: दिवस, महिना, वर्ष. ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टिमसुद्धा पाठ असलेल्या तारखेसाठी हेच सुचवते. ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकाना का नाही? कारण क्रोमची भाषा अमेरिकन इंग्रजी असली की तो महिना आधी मागतो, आणि आमच्याकडची निम्मी मशीन तशीच आहेत. पॉपअपला ब्राउझरचाच डायलॉग एलिमेंट, यादीला साधा सिलेक्ट. रकमेतले लाख-कोटींचे स्वल्पविराम ब्राउझर फुकटात देतो.

पण सगळं हाताने करा असं मी म्हणत नाही, तसा अर्थ कृपया काढू नका. सभासद शोधायचा रकाना आम्ही स्वतः लिहिला होता आणि त्यावर मी फार खूश होते. एका शाखेतले दृष्टिहीन अधिकारी एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून बसले तर रकाना मुकाच. टाइप करून सुचवण्या दाखवणाऱ्या रकान्याचे नियम खुद्द एरियाच्या, म्हणजे अशा सॉफ्टवेअरला पान समजावं म्हणून ठरवलेल्या वेब मानकाच्या, १.०, १.१ आणि १.२ मध्ये बदलत गेलेत. ते पेलणं आमच्यासारख्या छोट्या टीमचं काम नव्हे. तिथे ॲडोबीची रिॲक्ट एरिया ही लायब्ररी घेतली: वागणूक त्यांची, रूप आमचं. खातेउताऱ्याचं टेबलही बाहेरून तयारच घेतलंय.

आणि ती लायब्ररीचा हट्ट धरणारी मी? ती अजून भांडते माझ्याशी. "स्वतःचं बटण लिहिणं हा छंद झाला. पगार कोण देतंय त्याचा?" नवा मुलगा रुजू झाला की आमचे कंपोनंट समजून घेण्यात त्याचे दिवस जातात, एखादी प्रसिद्ध लायब्ररी असती तर तो पहिल्या दिवसापासून कामाला लागला असता. याला माझ्याकडे उत्तर नाही.

राहिलं शॅडसीएन. त्याचा कोड आपल्याच रिपॉझिटरीत, म्हणजे आपल्या कोडच्या साठ्यात, येतो ही कल्पना मला मनापासून आवडते, मग तो सांभाळायचाही आपणच, हे माहीत असूनसुद्धा. पण ते टेलविंड या सीएसएस (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषे)च्या साधनावर उभं आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या टेलविंड ४ ला किमान क्रोम १११ लागतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, आणि आमच्या दोन शाखांच्या काउंटरवर विंडोज ७ आहे. टेलविंड ३ वर थांबता येईल, पण आज नवीन काही घ्यायचं आणि ते मागच्या आवृत्तीवर, याला मन घेत नाही. मशीन कधी बदलणार हे संचालक मंडळ ठरवतं, मी नाही.

भाच्याला आवडेल अशी एक गोष्ट मात्र चालू आहे. क्रोम १३५ पासून साध्या सिलेक्टला सीएसएसने हवं तसं रूप देता येतं. नव्या कर्जाच्या फॉर्मवर ते लावून बघतोय. विंडोज ७ वरच्या क्रोम १०९ मध्ये त्यातलं काहीच दिसत नाही. तिथे जुनीच करडी यादी उघडते, 'क' दाबला की 'कर्जत'वर जाते, आणि काम होतं.