सोळा स्टेपचा सीक्वेन्सर, नोंद तिसरी: लय कुठे सुटत होती

मी स्वतः एक सीक्वेन्सर बांधतोय, म्हणजे सोळा पायऱ्यांत (स्टेप) मांडलेले सूर सिंथसारख्या वाद्यांकडून ठेक्यात वाजवून घेणारी पेटी. मागच्या नोंदीत बटणं चालू झाली होती, दिवे लागत होते आणि पहिला नोट-ऑन (सूर चालू करायचा संदेश) बाहेर पडला होता. त्यानंतरचे दोन महिने एकाच दुखण्यामागे गेले. सीक्वेन्सर वाजतो, सूर बरोबर येतात, पण ठेका मधूनच अडखळतो. एकटा ऐकला तर चटकन लक्षात येत नाही. संगणकावरचा मेट्रोनोम सोबत लावला की मिनिटभरात दोघांची फारकत होते. माझ्या मते स्टेप किती, नॉब किती, पडदा कसा, हे सगळं नंतरचं. लय धरत नसेल तर त्या पेटीवर काहीच रचता येत नाही. म्हणून नवीन काहीही न जोडता मी हाच माग काढत बसलो.

आधी सामान काय आहे ते सांगतो. रास्पबेरी पाय पिको, म्हणजे आरपी२०४० चिपचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. १६ बटणं ४ बाय ४ मॅट्रिक्समध्ये, प्रत्येकाला एक १एन४१४८ डायोड, नाहीतर तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेलं चौथंही दाबल्यासारखं दिसतं. १६ एलईडी दोन ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरवर. आठ पॉट्स (फिरवायचे नॉब) एका ७४एचसी४०५१ मल्टिप्लेक्सरमधून एकाच एडीसी पिनवर, म्हणजे व्होल्टेज आकड्यात वाचणाऱ्या पिनवर. एक एन्कोडर, आणि १२८ बाय ६४ चा ओलेड पडदा, आत एसएसडी१३०६ कंट्रोलर. चार ट्रॅक, चार वेगवेगळ्या मिडी चॅनेलवर; मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची पद्धत. मिडी इन आणि आउट जुन्याच पाच पिनांच्या डिन सॉकेटवर. छोट्या टीआरएस जॅकचं प्रमाण २०१८ मध्ये 'टाइप ए' म्हणून ठरलं आणि त्याने जागाही वाचते, पण मला डिनच आवडतो. प्लग बसला की बसला.

मिडी आउटमध्ये एक चूक होती, ती कदाचित तुमच्याही बोर्डवर असेल. मिडी हा मुळात करंट लूप आहे. पलीकडच्या ऑप्टो-आयसोलेटरच्या (थेट तार न जोडता प्रकाशाने संकेत पोहोचवणारी चिप) एलईडीतून साधारण ५ मिलिअँपिअर वाहतात की नाही, यावर एक-शून्य ठरतं. जुन्या आकृत्यांत दोन्ही वाटांवर २२० ओहमचे रेझिस्टर दिसतात, पण ते ५ व्होल्टसाठी. मी तेच ३.३ व्होल्टच्या पिकोला लावले. प्रवाह ३ मिलिअँपिअरच्या आसपास उरला. एका सिंथने तेवढ्यावर भागवलं, दुसरा अधूनमधून नोट्स गाळायचा. ३.३ व्होल्टला पिन ४ वर ३३ ओहम आणि पिन ५ वर १० ओहम लावायचे असतात. ते बदलल्यावर गळती थांबली.

इनच्या बाजूला सॉकेटच्या पिना उलट्या मोजल्या. डिनमधला क्रम १-४-२-५-३ असा असतो आणि सोल्डरच्या बाजूने तो आरशातल्यासारखा दिसतो. ४ आणि ५ ची अदलाबदल झाली. ऑप्टोच्या एलईडीला उलटा जोडलेला डायोड होता म्हणून चिप वाचली. तो डायोड कोणीही गाळू नये. त्याच वेळी ६एन१३८ हा ऑप्टो काढून एच११एल१ बसवला. मिडीत एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा असतो आणि ६एन१३८ बंद व्हायला त्यातला बराच वेळ खातो. त्याला ५ व्होल्टही लागतात. एच११एल१ मध्ये श्मिट ट्रिगर (संकेताच्या कडा साफ करणारा भाग) आत आहे, तो ३.३ व्होल्टवर चालतो, आणि आउटपुटला एक पुल-अप पुरतो. नव्याने बांधणाऱ्यांनी थेट हाच घ्यावा.

आता लय.

कानावर विसंबून हे काम होत नाही, म्हणून पहिल्यांदा मोजायची सोय केली. प्रत्येक स्टेपला एक मोकळी पिन क्षणभर वर जाते. ती दोन रेझिस्टर आणि एका कपॅसिटरमधून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनमध्ये सोडली आणि ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स, ध्वनिमुद्रण केलं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सोळांश मात्रा, म्हणजे एक स्टेप, १२५ मिलिसेकंदांची, म्हणजे बरोबर ६,००० सॅम्पल्सची. दोन टोकांमधलं अंतर मोजायचं आणि ते ६,००० पासून किती ढळलं ते बघायचं. ऑसिलोस्कोप नसला तरी ही पद्धत २० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरक दाखवते. मला तरी याहून सोपी रीत सापडलेली नाही.

पहिल्या दिवशी हाती आलेले आकडे: ५,७६०, ५,७६०, ५,७६०. पडद्यावर १२० आणि प्रत्यक्षात १२५! उलगडा सरळ होता. मिडी क्लॉक, म्हणजे मशीन एका वेगात ठेवणारी टिक, चौथाई मात्रेला (एका ठोक्याला) २४ वेळा येतो. १२० ला दर २०.८३ मिलिसेकंदांनी. मी मिलिसेकंदांचा पूर्णांक वापरत होतो, त्यामुळे अपूर्णांक गळून २० उरले, आणि २० चा हिशेब १२५ बीपीएमवर येतो. २१ धरले असते तर ११९ निघाले असते. मायक्रोसेकंदांत मोजायला लागलो. तिथेही २०,८३३ नंतर एक तृतीयांश उरतो, तो टाकून दिला तर मिनिटाला जवळजवळ एक मिलिसेकंद घसरण होते. म्हणून उरलेली बाकी पुढच्या टिकच्या हिशेबात जमा करतो. दोन ओळींचा कोड आहे.

नंतरचे आकडे असे: बहुतेक ६,०००, मधूनच ६,४००, एकदा ७,०८०, आणि त्यानंतर पुन्हा ६,०००. या शेवटच्या '६,०००' ने मला बरंच शिकवलं. उशीर झालेल्या ठोक्यानंतरचं अंतर कमी व्हायला हवं, तरच गाडी पुन्हा वेळेवर येते. माझी येत नव्हती, कारण पुढच्या टिकची वेळ मी 'आत्ताची वेळ अधिक अंतर' अशी काढत होतो. प्रत्येक उशीर कायमचा हिशेबात धरला जायचा. 'मागच्या टिकची ठरलेली वेळ अधिक अंतर' असं केल्यावर ७,०८० नंतर ४,९२० आले. मेट्रोनोमपासून फारकत थांबली. अडखळणं मात्र तसंच राहिलं, आणि आता उशीर भरून काढताना दोन क्लॉक बाइट एकामागोमाग निघत होते, ते पलीकडच्या मशीनला अजिबात मानवत नव्हतं.

मग हे हजार सॅम्पल, म्हणजे वीस-बावीस मिलिसेकंद, जातात कुठे? बटणांच्या स्कॅनमध्ये शोधलं, एन्कोडरमध्ये शोधलं, पॉट्स तोडून बघितले. शेवटी पडद्याची केबल काढली आणि आकडे सपाट झाले. गणित आधीच करायला हवं होतं. १२८ बाय ६४ ठिपके म्हणजे १,०२४ बाइट. पडदा ज्या दोन तारांवर जोडला आहे त्या आय-टू-सी वर प्रत्येक बाइटला ९ बिट लागतात. ४०० किलोहर्ट्झला पूर्ण पडदा रंगवायला २३ मिलिसेकंद. मिडीची एक टिक २०.८३ मिलिसेकंदांची. एकदा पडदा रंगवायचा तर अख्ख्या टिकपेक्षा जास्त वेळ प्रोसेसर तिथे अडकून! १०० किलोहर्ट्झवर चालवणाऱ्यांचे तर ९२ मिलिसेकंद जात असतील. नॉब फिरवला की पडदा बदलायचा, म्हणून वाजवताना हात लावला की जास्त अडखळायचं. हे सूत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी ते पॉट्सच्या खात्यावर टाकत होतो.

पहिला उपाय: पडद्याच्या आठ पट्ट्या असतात, एका फेरीत एकच पाठवायची. १२८ बाइटला २.९ मिलिसेकंद. फरक लगेच कळला, पण अजून शंभर-सव्वाशे सॅम्पल ढळत होते. दुसरा उपाय मुळावरचा: क्लॉक मुख्य लूपमधून काढून हार्डवेअर टायमरच्या इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून लगेच चालणारा कोड) नेला. आता पडदा अर्धा रंगलेला असला तरी टायमर मध्ये शिरतो, बाइट रांगेत टाकतो, बाहेर पडतो. इंटरप्टच्या आत पडदा नाही, छपाई नाही, काही नाही. आकडे: ५,९९९, ६,०००, ६,०००, ६,००१. ही रांग मी पंधरा मिनिटं नुसती खाली सरकताना बघत होतो. पिकोचा दुसरा कोअर त्यामुळे मोकळाच राहिला. पुढे त्यावर ध्वनी तयार करायचा विचार आहे.

पिनवर ठोका वेळेत आला म्हणजे मिडीच्या तारेवरही वेळेत आला असं नाही. तार अरुंद आहे. सेकंदाला ३१,२५० बिट, स्टार्ट-स्टॉप धरून बाइटला १० बिट, म्हणजे एक बाइट ३२० मायक्रोसेकंद आणि एक नोट-ऑन जवळजवळ एक मिलिसेकंद. माझ्या चार ट्रॅकवर एकाच स्टेपला चार जुन्या नोट्स बंद आणि चार नव्या चालू व्हायच्या असतील तर २४ बाइट, ७.६८ मिलिसेकंद. चौथ्या ट्रॅकची नोट इतकी मागे पडते. रनिंग स्टेटस (संदेशाचा पहिला, स्टेटस बाइट तोच असेल तर पुन्हा न पाठवण्याची सवलत) इथे उपयोगाचं नाही, कारण चॅनेल बदललं की स्टेटस बाइट पुन्हा द्यावाच लागतो. मी आतला क्लॉक चौथाईला ९६ टिकवर नेला आणि नोट-ऑफ एक आतली टिक आधी पाठवायला लागलो. ती टिक १२० ला ५.२ मिलिसेकंदांची, आणि चार नोट-ऑफना ३.८४ पुरतात. स्टेपच्या क्षणी तार रिकामी असते. शिवाय पहिला ट्रॅक आधी पाठवला जातो आणि किक (ड्रमचा खोल ठोका) मी त्यावरच ठेवतो. पॅडचा लांबवलेला स्वर तीन मिलिसेकंद मागे पडला तर कानाला चालतं, किकचा नाही.

क्लॉकच्या एफ८ बाइटसाठी रांगच वेगळी केली. मिडीतली ही सोय मला फार सुंदर वाटते: रिअल-टाइम बाइट दुसऱ्या संदेशाच्या पोटातही घुसवता येतो. नोट-ऑनचे तीन बाइट जात असताना दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एफ८ टाकला तरी घेणाऱ्याने नोट विसरता कामा नये. त्यामुळे क्लॉकला जास्तीत जास्त एका बाइटची, ३२० मायक्रोसेकंदांची वाट बघावी लागते. १९८३ मध्ये सीक्वेन्शिअल आणि रोलँडचे सिंथ पहिल्यांदा एका तारेने बोलले तेव्हापासून हा नियम टिकून आहे. उलट बाजूने तोच नियम माझ्या पार्सरने (येणारे बाइट वाचणारा कोड) मोडला होता: एफ८ आला की तो अर्धी नोट टाकून द्यायचा. एफ८ पासून वरचा कोणताही बाइट आला की त्याचं काम करायचं आणि बाकी स्थितीला हात लावायचा नाही, इतकंच. बाहेरून स्टार्ट आला तर लगेच वाजवायचं नाही, त्यानंतरच्या पहिल्या एफ८ ला पहिली स्टेप वाजवायची, हेही तेव्हाच दुरुस्त केलं. आधी सगळं एक टिक पुढे पळत होतं.

९६ टिकचा दुसरा फायदा स्विंगला, म्हणजे जोडीतली दुसरी सोळांश मुद्दाम उशिरा वाजवण्याला, झाला. २४ टिकमध्ये दोन सोळांशांच्या जोडीला १२ टिक मिळतात. सरळ ६-६, नंतर एकदम ७-५ म्हणजे ५८ टक्के. मधलं काही नाही. ९६ ला जोडी ४८ टिकची होते, आणि २६-२२ घेतलं की ५४ टक्के मिळतात. रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये स्विंग आणलं. ५४ आणि ५८ यांत किती अंतर आहे ते एकदा लावून ऐका. ५४ वर ठेका नुसता सैल होतो, ५८ वर तो झुलायला लागतो.

पॉट्सबद्दल थोडक्यात. चॅनेल बदलल्यावरचं पहिलं रीडिंग टाकून द्या, १६ ची सरासरी घ्या, आणि आकडा १२ बिटांच्या मोजपट्टीवर किमान २४ ने हलला तरच सीसी (नॉबचा आकडा कळवणारा मिडी संदेश) पाठवा. पिकोवर जीपीआयओ २३ ही पिन हाय केली की बोर्डावरच्या वीजपुरवठ्याची खरखर कमी होते आणि एडीसी शांत होतो. न हलवलेला नॉब सीसी पाठवत राहिला तर वर वाचवलेली सगळी तार तोच भरून टाकतो.

अडकलेल्या नोट्सही सुटल्या. वाजत असताना स्टेपचा स्वर बदलला की नोट-ऑफ नव्या स्वराला जायचा आणि जुना वाजतच राहायचा. आता प्रत्येक ट्रॅक आपण खरंच काय चालू केलं ते लक्षात ठेवतो.

इतकं झाल्यावर एकच उचकी उरली: पॅटर्न सेव्ह करताना. पिकोचा प्रोग्राम फ्लॅश मेमरीमधूनच चालतो, आणि त्याच फ्लॅशचा ४ केबीचा तुकडा पुसताना इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. तेवढा वेळ टायमरही गप्प. त्यामुळे पॅटर्न फ्लॅशमधून काढून वेगळ्या एफरॅम मेमरी चिपवर नेतोय. तिला पुसावं लागत नाही, लिहिल्यावर थांबावं लागत नाही. स्टेपला ४ बाइट, १६ स्टेप, ४ ट्रॅक, म्हणजे पॅटर्नला २५६ बाइट. ३२ केबीच्या चिपमध्ये १२८ पॅटर्न बसतात. चिप काल सोल्डर केली, ती पडद्याच्याच आय-टू-सी तारांवर आहे. पत्त्यावर उत्तर देते. आज रात्री वाजवता वाजवता सेव्ह दाबून पुन्हा मुद्रण करणार आहे, आणि ६,००० ची रांग तुटते का ते बघणार आहे.