एक वार बर्फ

आईवडील अमेरिकेत आले की त्यांना नायगारा दाखवला म्हणजे सुटलो, अशी मुलांची समजूत असते. नायगारा पाहिला. पाणी पुष्कळ आहे. शिकागोत दोन दिवस मान मोडेपर्यंत इमारती पाहिल्या. लिहायचंय ते ग्रीन बेबद्दल, जिथे जायला मी मुळीच तयार नव्हतो.

मुलगा विस्कॉन्सिन राज्यात ॲपल्टनला असतो. तिथून ग्रीन बे मोटारीनं अर्ध्या-पाऊण तासावर. डिसेंबरचा पहिला आठवडा, बाहेर उणे अकरा, आणि हा म्हणतो, "बाबा, चला, लॅम्बो फील्ड बघून येऊ." लॅम्बो फील्ड म्हणजे तिथलं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम.

"मॅच आहे?"

"नाही. नुसतं स्टेडियम."

सांगलीत शिवाजी स्टेडियम मी रोज सकाळी फिरताना फुकट पाहतो, आणि तेही बहुतेक रिकामंच असतं. इथे रिकामं मैदान पाहायला तिकीट काढायचं! पण मॅचचं तिकीट मिळणं त्याहून कठीण. सीझन तिकिटांसाठीच्या प्रतीक्षा यादीत एक लाखाहून जास्त नावं आहेत म्हणे. नातवाचं नाव आत्ताच घालून ठेवू, असं सूनबाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या हे मला नंतर कळलं.

गाव लाखभर वस्तीचं. म्हणजे सांगलीपुढे काहीच नाही. आणि स्टेडियममध्ये जागा एक्याऐंशी हजारांच्या आसपास. संघाचं नाव पॅकर्स, कारण १९१९ साली गणवेशाचे पैसे एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीनं दिले. त्या कंपनीचं नाव इंडियन पॅकिंग कंपनी. आपला काही संबंध नाही, उगीच छाती फुगवू नये. पण एक गोष्ट मला मनापासून आवडली. या संघाला मालक नाही. पाच लाखांवर भागधारक आहेत. लाभांश नाही, शेअर बाजारात विकता येत नाही, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. म्हणजे आपला सहकारी साखर कारखानाच की! फरक एवढाच, की इथे सभासदाला साखरसुद्धा मिळत नाही.

तर अशा गावात, कानटोपीवर मफलर आणि मफलरवर जॅकेटची टोपी असा अवतार करून मी उतरलो. कानटोपी म्हणजे आपली ती तपकिरी माकडटोपी. मुलानं मोटारीतच विनवलं होतं, "बाबा, ती नको ना." मी ऐकलं नाही. आणि पुढचं सगळं त्या टोपीमुळेच घडलं.

आमच्या गटात ऐंशी ओलांडलेले एक आजोबा होते, बरोबर त्यांची नात. त्यांनी माझ्या टोपीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, अशी टोपी मला एकतीस डिसेंबर १९६७ ला हवी होती.

तोवर मला त्या तारखेचं काही माहीत नव्हतं. आजोबांनी मला बाजूला घेतलं, आणि गाईडबाई आलिशान बॉक्सांच्या खिडक्या दाखवत असताना आम्ही दोघं मागे राहून १९६७ मध्ये गेलो. माझं इंग्रजी बँकेतलं, त्यांचं दाताच्या कवळीतलं. पण जमलं.

अजिंक्यपदाची मॅच. समोर डॅलस काउबॉइज. मॅच सुरू झाली तेव्हा तापमान उणे पंचवीस सेल्सिअस, वर वारा. संघाचे कोच विन्स लोम्बार्डी. त्यांनी मैदानाखाली विजेच्या तारा पुरून घेतल्या होत्या, जमीन गोठू नये म्हणून. नेमकी ती व्यवस्था त्या दिवशी कुचकामी ठरली आणि गवताची काच झाली. पंचांची शिट्टी ओठाला चिकटली, सोडवताना कातडी निघाली, म्हणून उरलेली मॅच पंचांनी ओरडून चालवली. बँडवाल्या विद्यार्थ्यांची वाद्यं गोठली. आणि पन्नास हजार माणसं बसून राहिली. "तुम्ही का बसलात?" मी विचारलं. "तिकीट काढलं होतं," आजोबा म्हणाले. माणूस आपल्यातलाच निघाला.

आता क्वार्टरबॅक म्हणजे काय, ते मला कळलं तसं सांगतो. चुकलं तर पोरंटोरं सुधारतील. समोरासमोर तालमीतले पहिलवान असावेत तशी दोन्हीकडची धिप्पाड माणसं उभी असतात. त्यांच्या मागे एक जण चेंडू हातात घेतो आणि ठरवतो: फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः पळायचं. त्याला दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात ते पहिलवान अंगावर येतात. त्या काळी कुठला डाव खेळायचा हेही बहुतेक तोच ठरवायचा, आजच्यासारखं कानात कोणी सांगत नसे. पॅकर्सचा क्वार्टरबॅक होता बार्ट स्टार. पंधरा नंबर.

शेवटची चार मिनिटं पन्नास सेकंद उरली होती. पॅकर्स १७-१४ नं मागे, आणि गुणांसाठी पलीकडच्या रेषेपर्यंत जायचं होतं अडुसष्ट यार्ड. त्या दिवशी स्टारला आठ वेळा चेंडूसकट पाडलेलं होतं. घसरत, सरपटत तो संघाला घेऊन दुसऱ्या टोकाला आला. एक यार्ड राहिला. दोनदा चेंडू घेऊन पळणाऱ्या अँडरसनकडे चेंडू दिला, दोनदा त्याचा पाय घसरला. सोळा सेकंद. शेवटचा टाइमआउट घेऊन स्टार कोचकडे गेला आणि म्हणाला, पळणाऱ्यांना पाय रोवता येत नाहीत, मी उभा आहे तिथूनच घुसतो. लोम्बार्डी म्हणाले, मग घुस आणि चला एकदाचे इथून. परत येऊन त्यानं साथीदारांना मात्र नेहमीचाच डाव सांगितला, मर्सीन या दुसऱ्या पळणाऱ्याला चेंडू देण्याचा. स्वतः घुसणार हे बोललाच नाही. मर्सीन चेंडू घ्यायला पुढे धावला आणि पाहतो तर चेंडू नाहीच! पॅकर्सच्याच जेरी क्रेमरनं समोरचा पहिलवान उचलला, त्या फटीतून स्टार पलीकडे पडलेला. २१-१७.

हे ऐकेपर्यंत आम्ही खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानाच्या कडेला आलो होतो. गवतावर पाय ठेवायचा नाही, सक्त ताकीद. ही मागून आली, म्हणाली, "काय एवढं बोलताय?" मी सांगितलं, या माणसांनी एका यार्डासाठी जीव काढला.

"यार्ड म्हणजे वारच ना?" हिनं शालीचं टोक नाकाशी धरलं आणि कापड दुकानात मापतात तसा हात लांब केला. "एवढंच?"

आजोबांना मापाची ही पद्धत ठाऊक होती. त्यांची आई असंच मोजायची. त्यांनी हिचा हात कोपराजवळ हळूच थोडा मागे वाकवला. एवढंच, याहून थोडं कमीच. मग तिघंही त्या शालीकडे बघत उभे राहिलो. नऊवारीचा नववा हिस्सा, आणि उणे पंचवीस.

एवढ्यावर भागलं असतं. पण रात्री झोप येईना, म्हणून स्टारबद्दल वाचत बसलो. जन्म १९३४, अलाबामातलं मॉन्टगोमेरी. वडील लष्करात, कडक. धाकटा भाऊ कुत्र्यानं टाकलेलं हाड पायात घुसून धनुर्वातानं गेला, आणि घरात खरा खेळाडू तोच मानला जायचा. कॉलेजात पाठ दुखावली. खेळताना लागलं असं तो आयुष्यभर सांगत राहिला. २०१६ मध्ये बायकोनं, चेरीनं, खरं सांगितलं: कॉलेजच्या खेळाडूंच्या मंडळात घेताना मोठ्या मुलांनी फळीनं मारलं होतं. १९५६ साली संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात याचा नंबर दोनशेवा, सतरावी फेरी. आज निवडीच्या फेऱ्याच सात असतात. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या परसात टायर टांगून तासन् तास त्यातून चेंडू फेकत राहिला. (जावई परसात टायर टांगून बसलाय, हे सासूबाईंना कसं वाटलं असेल?) पुढे पाच अजिंक्यपदं, पहिल्या दोन्ही सुपर बोलमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मॅचमध्ये, सर्वोत्तम खेळाडू. लोम्बार्डी एकदा सर्वांदेखत ओरडले, तेव्हा हा त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाला, बोला, पण एकट्यात बोला. उद्या मला याच लोकांना पुढे न्यायचंय. परत कधी ते त्याला चारचौघांत बोलले नाहीत.

पण मी जागा राहिलो तो पुढच्या भागामुळे. १९७५ ला याच पॅकर्सनी त्याला कोच केलं. नऊ वर्षं. ५२ विजय, ७६ पराभव, तीन बरोबरीत. १९८३ च्या शेवटी काढून टाकलं.

स्टेडियमच्या फेरीत याबद्दल अवाक्षर नाही. ट्रॉफ्या सगळ्या, भिंतीवर १५ नंबर, ही नऊ वर्षं गायब. मला राग आला, आणि का ते सांगतो. मी सव्वीस वर्षं कॅश काउंटरला होतो. शिलकीत रुपयाचा फरक नाही. नोटेला हात लावला की खोटी ओळखायचो. मग सगळ्यांनी डोकं खाल्लं म्हणून बढती घेतली, शाखाधिकारी झालो. तीन वर्षांत वसुली बुडाली. माणसांना रागावणं मला जमेना, आणि ज्याला रागवायचं त्याला चहा पाजून परत पाठवायचो. निरोप समारंभात सगळे कॅशच्या गोष्टी सांगत होते. त्या तीन वर्षांचं कुणी नावही काढलं नाही. ती सभ्यता होती, पण जेवण गेलं नाही.

स्टार पुढे कोच झाला, एवढं आजोबांच्या बोलण्यात आलं होतं, म्हणून फेरी संपल्यावर मी त्यांना विचारलंच होतं. खालच्या हॉटेलात त्यांनी चीज कर्ड्स मागवले होते. पांढऱ्या ताज्या चीजचे तुकडे, दाताखाली ओल्या रबरी चपलेसारखे चुईचुई वाजतात. हिला ते फार आवडले, मला नाही. कोच म्हणून कसा होता स्टार?

आजोबा जरा थांबले. शिव्या घातल्या आम्ही, म्हणाले. टीव्हीसमोर, दर रविवारी. मग २०१५ च्या थँक्सगिव्हिंगला पॅकर्सच्या नंतरच्या क्वार्टरबॅकचा, ब्रेट फार्वचा, नंबर निवृत्त करायचा, म्हणजे पुढे कुणालाच न द्यायचा, समारंभ झाला, तेव्हा ते इथेच होते. स्टारला आदल्या वर्षी पक्षाघाताचे झटके येऊन गेलेले, हृदयविकारही. तरी अलाबामाहून आला. पाऊस पडत होता, छोट्या गाडीतून त्याला मैदानात आणलं. तो त्याचा इथला शेवटचा फेरा असावा, असं सगळ्यांना वाटत होतं. अख्खं स्टेडियम उभं. आजोबा म्हणाले, मी ओरडू लागलो आणि मला थांबता येईना, शेजारचा काळजीनं बघायला लागला.

"आणि मॅच?" मुलानं विचारलं.

आजोबांना आठवेना. १९६७ मधली सेकंदं पाठ असलेला माणूस, पण त्या रात्री काय झालं ते आठवेना. मुलानं फोनवर पाहिलं. शिकागो बेअर्सनी १७-१३ नं हरवलं होतं.

"असं?" आजोबा म्हणाले, आणि चीजचा शेवटचा तुकडा हिच्याकडे सरकवला.