स्वामिमलैची माती

गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरमची देवळं पाहण्यात दोन दिवस गेले. लिहायचं आहे ते तामिळनाडूत कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैबद्दल, तिथल्या धातूच्या मूर्तींच्या ओतकामाबद्दल. धातू ओतायची वेळ आली की पाहुणे मोबाइल सरसावून गर्दी करतात आणि लगेच पांगतात. याचं मला फार वाईट वाटलं, कारण मूर्ती साधते ती त्याआधी, मातीच्या पहिल्या लेपात.

इथल्या उत्सवमूर्ती भरीव असतात. मधमाश्यांचं मेण, राळ आणि थोडं शेंगदाण्याचं तेल वितळवून मूर्ती आधी मेणात घडवतात. मापाला नारळाच्या झावळीची पात! ती मूर्तीच्या उंचीएवढी कापून घड्या घालायच्या. शिव-विष्णूंना उत्तम दशताल हे प्रमाण, म्हणजे उंचीचे 124 भाग.

मग तो लेप. कावेरीकाठची गाळाची माती आणि भाताच्या जळक्या तुसाची पूड, दोन्ही अगदी मऊ वाटलेली. जाडी जेमतेम 3 मिलिमीटर. मेणावरची रेघन्रेघ हाच लेप उचलतो, म्हणून तो बोटांनी खाचाखोचांत हळूहळू बसवतात. मेणालगत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी देवाच्या गालावर धातूचा फोड येतो. वरून शेतातल्या मातीचा, मग वाळू मिसळलेल्या भरड मातीचा लेप. मोठा साचा तारेनं आवळतात. सुकवायचं सावलीतच, उन्हात मेण ढिलं पडतं नि साचा तडकतो.

धातू मेणाच्या वजनाच्या साधारण आठपट घेतात: 80 टक्क्यांवर तांबं, बाकी पितळ, किंचित शिसं. तो कमी पडला तर मेहनत वाया, कारण थिजलेल्या धातूवर दुसरा ओत एकजीव होत नाही. गोवऱ्यांच्या आचेत मेण वाहून गेलं की तापलेला साचा तोंड वर ठेवून जमिनीत पुरतात आणि बारीक, अखंड धारेनं धातूचा रस ओततात. साच्यात ओल राहिली तर रस उसळतो. हवेला वाट नसली तर मूर्तीची बोटं अर्धवट राहतात.

तंजावरला भोसल्यांच्या राजवाड्यातल्या कलादालनात 1011 सालचा ओतीव वृषभवाहन शिव आहे. नंदी वेगळा ओतला होता, तो आता नाही. तरी शिवाचा टेकलेला हात पाहून नंदीची उंची कळते. जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, त्यांत साप. त्यांचे वेढे आजही एकेक करून मोजता येतात.