दिल्ली–शिकागो, व्हिएन्नामार्गे

24 एप्रिल 2025, गुरुवार. पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केल्याची बातमी आली आणि आमच्या नाशिकच्या ट्रॅव्हल ऑफिसात फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. अमेरिकेत मुलाकडे, मुलीच्या बाळंतपणाला निघालेले आई-बाबा हेच आमचं निम्मं गिऱ्हाईक.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका काका-काकूंच्या तिकिटाने. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, काकू इन्सुलिनवर. शनिवारी मध्यरात्रीनंतरचं दिल्ली–शिकागो थेट विमान, तिथून पुढे सेंट लुईस. मेसेज आला, विमान इंधनासाठी व्हिएन्नाला उतरणार, पोचायला साडेतीन तास उशीर.

काका तडक ऑफिसातच आले. नातवाने म्हणे नेटवर बघून दिलं होतं, बारा हजार किलोमीटर आणि चौदा तास. या साइट्स पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमधली सगळ्यात जवळची रेघ धरतात आणि ठरावीक वेगाने भागून मोकळ्या होतात. त्या रेघेला ना सरहद्द, ना वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा जेट स्ट्रीम, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून अमेरिकेला जाताना एरवीही येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आता त्यात गुजरातवरून अरबी समुद्रावर जायचं आणि मग उत्तरेकडे वळायचं, एवढा वळसा पडला. इंधन जास्त भरावं तर वजन वाढतं, ते वजन वाहायला पुन्हा इंधन लागतं, आणि शेवटी माणसं किंवा सामान कमी करायची पाळी येते. वैमानिकांच्या ड्यूटीचे तासही बांधलेले असतात.

मी हे सगळं सांगतेय तोवर काका म्हणाले, "ताई, घाट बंद झाला की गाडी दुसऱ्या रस्त्याने काढायची, डिझेल वाटेत घ्यायचं. कळलं. वेळ सांगा फक्त."

काकूंची शंका वेगळीच. "ऑस्ट्रियाचा व्हिसा कुठाय आमच्याकडे?" खाली उतरायचंच नाही, जागेवर बसून राहायचं, हे त्यांना पटेपर्यंत दोन चहा झाले. मग त्यांनी पर्समधून डायरी काढली. इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा, सगळ्या भारतीय वेळेने, सुवाच्य अक्षरात. ते पान आता कुचकामी. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि ते सांगतील तसं नवीन पान लिहिलं. इन्सुलिनचे जादा पेन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात अजिबात नाही, हे दोनदा बजावलं.

खरी गोची सेंट लुईसच्या विमानाची होती. मुलाने ते स्वस्तात वेगळं काढलेलं. एकाच पीएनआरवर असतं तर पुढची सोय विमान कंपनीच्या गळ्यात पडली असती. वेगळं तिकीट म्हणजे चुकलं की बुडलं. मी हे प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण थोड्या पैशांसाठी तेच करतो. शेवटी मुलगाच म्हणाला, मी गाडी घेऊन शिकागोला येतो. एका बाजूचे पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर.

दोघं सुखरूप पोचले. काकांनी व्हॉट्सॲपवर प्रवासाची अख्खी नोंद पाठवली, व्हिएन्नाला कधी टेकलं, कधी सुटलं, मिनिटासकट.

जूनमध्ये त्यांचे मेहुणे निघाले, तेव्हा काकांनी तिकडून फोन करून कतारमधल्या दोहामार्गे परदेशी कंपनीचंच तिकीट काढायला लावलं. बंदी भारतीय कंपन्यांना, त्यांना नाही. 23 जूनच्या संध्याकाळी कतारचं आकाशही काही तास बंद झालं. मेहुणे नशिबाने चार दिवस आधीच गेले होते.