ममी पाहिल्यावरची आंघोळ

पुण्याहून आलेला भाचा भर दुपारी बडोद्याच्या कमाटीबागेतलं म्युझियम पाहून घरी आला, चपला दोन दिशांना भिरकावल्या आणि थेट सेव-उसळीपुढे बसला. ममी पाहिलीस का, म्हणून विचारलं. पाहिली म्हणे, पण छोटीशीच आहे, सिनेमातल्यासारखी नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आधी आंघोळ." त्यानं आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. वहिनी पुण्याची. तिच्या माहेरी ममी पाहायचा प्रसंगच कधी आला नसणार.

आमच्याकडे तो नियम होता आणि तो आजीनं केलेला होता. दांडिया बाजारातलं घर, मे महिना, सुट्टीला जमलेली चुलत-आते भावंडं. दुपारी आम्ही कुणाला झोपू देत नसू, म्हणून अण्णा, म्हणजे आजोबा, आम्हाला म्युझियममध्ये नेत. त्या जाड भिंतींच्या आत ऊन शिरत नसे आणि तिकीट अगदीच किरकोळ होतं, एवढ्या दोन कारणांवर आमचा इतिहासाचा अभ्यास उभा होता. फिरताना पाठीमागून रखवालदाराचं "अडशो नहीं, अडशो नहीं", म्हणजे हात लावू नका, चालू असे. परत आल्यावर आजी दारातच उभी. मेलेलं माणूस पाहून आलात, कशाला शिवू नका, मागच्या दारानं न्हाणीघरात चला.

अण्णांचा वाद ठरलेला. "अगं, त्या बाईला जाऊन दोन हजारांवर वर्षं झाली. सुतक दहा दिवसांचं. तेही सगोत्राचं."

"सुतक कोण म्हणतंय? मी आंघोळ म्हणतेय."

"पण कुणाची कोण ती, इजिप्तची!"

"तेच तर. तिचं इथं आहे कोण?"

ह्यावर अण्णा गप्प बसत आणि स्वतःही पंचा शोधायला लागत. आमच्यातला एक आतेभाऊ भारी चलाख. तो ममीच्या दालनातून डोळ्यांवर हात धरून जायचा आणि घरी आल्यावर सांगायचा, मी पाहिलीच नाही. आजी म्हणायची, "वारं तर लागलं ना?" झालं. सगळ्यांच्या डोक्यावर तांब्या.

ही ममी सयाजीरावांनी १८९५ साली विकत आणली. म्युझियम काढलं १८८७ साली, त्याची इमारत पुरी झाली १८९४ मध्ये, म्हणजे वास्तुशांत झाल्या झाल्या पहिल्या पाहुण्यांतच ही बाई असणार. महाराजांना तिची काय गरज होती, असं लहानपणी वाटे. पण ज्या माणसानं १८९३ साली अमरेलीकडे सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लावलं, त्याला आपल्या रयतेनं ममीसुद्धा पाहिलेली असावी असं वाटलं तर नवल नाही. पाटी-पेन्सिल, बाराखडी, ममी. शेजारच्या चित्रदालनाची इमारत १९१४ ला उभी राहिली. चित्रं मात्र महायुद्धामुळे युरोपातच अडकली आणि दालन उघडायला १९२१ उजाडलं. तिथल्या चित्रांतल्या बायकांच्या अंगावर कपडे कमी असल्यामुळे अण्णा आम्हाला त्या दालनातून जरा लगबगीनं नेत. त्यासाठी आंघोळ नव्हती. एवढं आजीला सांगायचं कुणी?

देवमाशाच्या सांगाड्याला मात्र तिची सूट होती. तो १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला. सत्तरेक फुटांचा आहे आणि त्याच्याखाली उभं राहिलं की आपण नुकतेच कुणाच्या तरी पोटातून बाहेर पडलो आहोत असं वाटतं. येणारा-जाणारा जो तो त्याला पिल्लू म्हणतो, आणि हे ऐकलं की मला राहवत नाही. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच तेवीस-चोवीस फुटांचं असतं, मान्य; पण सत्तर फुटांचं म्हणजे ते कॉलेजात जाणारं पिल्लू झालं. एकदा एका अनोळखी कुटुंबाला मी हे थांबवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोराला म्हणाले, "जो बेटा, बच्चुं छे."

तर आजी. ती आमच्याबरोबर आली तेव्हा तिनं ममीकडे पाठ केली आणि सांगाड्यासमोर हात जोडले. तिचं शास्त्र सरळ होतं. महीसागर संगम हे तीर्थ. तिथं येऊन ज्यानं देह ठेवला त्याचं सगळं झालंच. त्याच्या नावानं आपण कशाला पाणी घ्यायचं? अण्णा सांगायला गेले की तो मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारं जनावर आहे. आजी म्हणाली, "मग तर दुहेरी नमस्कार."

पेंढा भरलेल्या जनावरांच्या कपाटांपाशी ती रेंगाळली नाही. बडोद्याच्या माणसाला जनावरं पाहायला कपाट लागतही नाही म्हणा. काळ्या घोड्याच्या पुलावरून खाली विश्वामित्रीत पाहावं, काठावर मगर ऊन खात पडलेली असते. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या. शेजारचे काका गच्चीवरून व्हिडिओ काढत होते आणि काकू खालच्या फ्रिजच्या काळजीत.

ममी करायला सत्तर दिवस लागत, असं मी पुढे वाचलं. आतडी, फुप्फुसं काढून घ्यायची, हृदय तेवढं आत राहू द्यायचं, मिठात सुकवायचं, मग पट्ट्या. इतका खटाटोप, ती पुढच्या प्रवासाला नीट लागावी म्हणून. आजीचं सगळं तेरा दिवसांत उरकलं. अस्थी चाणोदला नर्मदेत सोडल्या, चौदाव्या दिवशी घर धुऊन झालं. महिनाभरानं तिचं कपाट उघडलं तेव्हा वाटून घ्यावं असं फारसं काही निघालं नाही. लुगडी होती, ती कामवाल्या बाईला दिली. पोथी कुणालाच वाचवेना इतकी जीर्ण. एक पितळी अडकित्ता होता, तो धाकटी आत्या बडोद्यातल्याच अकोट्याला घेऊन गेली. अकोट्यात जमिनीतून निघालेल्या जुन्या जैन मूर्ती म्युझियममध्ये आल्या, आमचा अडकित्ता उलटा अकोट्याला गेला. आत्याकडे सुपारी कुणीच खात नाही.